पगारी युद्ध आणि रशियन समाज

रशिया-युक्रेन युद्धाची चर्चा निघाली, की ती बहुधा रणांगणाचे नकाशे आणि क्षेपणास्त्रांची नावे यांतच संपते. एका साध्या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. २४ फेब्रुवारी २०२२ पासून चाललेल्या आणि अपार प्राणहानी झालेल्या या युद्धासाठी रशियाला माणसे मिळतात तरी कोठून? लोक भीतीने गप्प आहेत, हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. भीतीने माणूस तोंड मिटतो. पण खंदकात जाण्यासाठी आपण होऊन कागदावर सही करीत नाही. रशियात तर अशी सही करणाऱ्यांची रांग लागली होती. सरकारनेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२४ या एका वर्षात चार लाखांहून अधिक लोकांनी सैन्याशी कंत्राट केले. या रांगेचे रहस्य देशभक्तीपेक्षा पैशात अधिक आहे.

सक्तीचा मार्ग क्रेमलिनने एकदा चोखाळून पाहिला होता. २१ सप्टेंबर २०२२ रोजी अंशतः सैन्यभरतीचा हुकूम निघाला आणि तीन लाख राखीव माणसांना बोलावण्याचे ठरले. त्याबरोबर कझाकस्तान आणि जॉर्जिया यांच्या सीमांवर मोटारींच्या मैलोगणती रांगा लागल्या. लक्षावधी तरुण देश सोडून गेले. इतका हादरा निर्बंधांनीही दिला नव्हता. त्यानंतर पुतिन यांनी सक्ती बाजूला ठेवून थैली सोडली. जुलै २०२४ मध्ये कंत्राटावर सही करताच केंद्राकडून मिळणारी रक्कम १ लाख ९५ हजारांवरून ४ लाख रूबलवर नेण्यात आली. प्रांतांनी आपापली भर त्यात घातली. मॉस्कोने तर १९ लाख रूबल देऊ केले. रूबल आणि रुपया यांचे मोल गेल्या काही वर्षांत जवळजवळ सारखेच राहिले आहे, तेव्हा मराठी वाचकाला या आकड्यांचा अर्थ निराळा सांगावयास नको. आघाडीवरील सैनिकाचा पगार महिन्याला दोन लाख रूबलच्या आसपास आहे. देशातील सरासरी पगार २०२४ मध्ये नव्वद हजारांच्याही आत होता, आणि मागास प्रांतांत त्याहून पुष्कळच कमी.

सैनिक मेला तर कुटुंबाला ५० लाख रूबल द्यावेत, असा हुकूम २०२२ सालीच निघाला. विम्याची रक्कम वेगळी. व्लादिस्लाव इनोझेम्त्सेव्ह या रशियन अर्थतज्ज्ञाने २०२३ मध्ये यावरून एक भयंकर हिशेब मांडला. पस्तीस वर्षांचा माणूस वर्षभर लढून मेला, तर त्याच्या घरच्यांच्या हाती जी रक्कम पडते, ती तो साठाव्या वर्षापर्यंत राबून जे मिळवील त्यापेक्षा देशाच्या अनेक प्रांतांत जास्त भरते. थोडक्यात, जगण्यापेक्षा मरणे किफायतीचे! पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदाच झाला, की सैन्याशी नवे कंत्राट करणाऱ्याचे एक कोटी रूबलपर्यंतचे थकीत कर्ज माफ व्हावे. कर्जबाजारी माणूस सावकाराच्या दारातून थेट भरतीच्या कचेरीत जावा, याची ही सोय होती.

जातात कोण, हेही पाहिले पाहिजे. मीडियाझोना आणि बीबीसी यांच्या पत्रकारांनी मृत सैनिकांची नावानिशी नोंद चालवली आहे. २०२५ अखेर ती दीड लाख नावांच्या पुढे गेली. बुर्यातिया, तुवा यांसारख्या दूरच्या, गरीब प्रांतांचा लोकसंख्येच्या मानाने तीत मोठा वाटा आहे. मॉस्कोतील उपाहारगृहे मात्र भरलेली असतात. राजधानीला युद्ध जाणवू नये आणि खेड्याला ते मिळकत वाटावे, अशी ही विभागणी आहे.

अण्णा भाऊ साठे यांचे 'माझा रशियाचा प्रवास' आणि मॉस्कोत छापलेली स्वस्त पुस्तके यांवरून ज्यांच्या मनात रशियाचे चित्र तयार झाले, त्यांना हे विपरीत वाटेल. परंतु सोव्हिएत राज्य कोसळल्यानंतरची दहा वर्षे ध्यानात घेतल्याखेरीज आजचा रशिया कळणार नाही. जानेवारी १९९२ मध्ये किमतींवरील नियंत्रण उठले आणि जन्मभराची शिल्लक महिन्यांत मातीमोल झाली. शिक्षकांचे पगार थकले. १९९४ च्या सुमारास पुरुषांचे सरासरी आयुर्मान अठ्ठावन वर्षांच्याही खाली घसरले. ऑगस्ट १९९८ मध्ये सरकारनेच आपले देणे थकवले. पुतिन २००० साली आले ते या पार्श्वभूमीवर, आणि तेलाचे भाव त्यांच्या मदतीस आले. पगार आणि निवृत्तिवेतन वेळेवर मिळेल, तुम्ही राजकारणात पडू नका, असा अलिखित व्यवहार तेव्हापासून चालू झाला. २०१८ मध्ये निवृत्तीचे वय वाढवून सरकारनेच त्याला तडा दिला, तेव्हा पुतिन यांची लोकप्रियता घसरली होती. आज त्या अलिखित व्यवहाराच्या जागी छापील कंत्राट आले आहे.

हा पैसा खालपर्यंत झिरपला, हे नाकारता येणार नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी अर्थव्यवस्था चार टक्क्यांच्या आसपास वाढली. बेकारी अडीच टक्क्यांच्याही खाली गेली. शस्त्रांचे कारखाने रात्रंदिवस चालू लागले आणि कामगारांना कधी नव्हे एवढा भाव आला. निर्बंधांनी रशिया सहा महिन्यांत गुडघे टेकील, हे पाश्चात्त्यांचे भाकीत त्यामुळे फसले. परंतु रणगाडा ही खाण्याची वा नेसण्याची वस्तू नव्हे. पगार वाटले जातात, पण त्या पगारावर घेण्याजोगा माल त्या प्रमाणात तयार होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अंड्यांच्या भाववाढीबद्दल एका वृद्ध महिलेपुढे पुतिन यांना जाहीर क्षमा मागावी लागली. २०२५ मध्ये बटाटे पुरत नसल्याची कबुली त्यांनीच दिली. युद्धाबद्दल ज्यांनी कधी खेद व्यक्त केला नाही, त्यांना अंड्यांनी नमवले! महागाई रोखण्यासाठी मध्यवर्ती बँकेच्या प्रमुख एल्विरा नबिउलिना यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजाचा दर २१ टक्क्यांवर नेला. अशा व्याजाने बहुतेक उद्योगांचे दिवाळे निघेल, अशी ओरड शस्त्रनिर्मिती करणाऱ्या सरकारी महामंडळाचे प्रमुख चेमेझोव्ह यांनीच केली. पुढे दर उतरू लागले, पण २०२५ मध्ये वाढीचा वेग एक टक्क्यावर येऊन ठेपला.

माणसांचा तुटवडा तर उघडच आहे. २०२४ मध्ये जेमतेम सव्वाबारा लाख मुले जन्मली. १९९९ नंतरचा हा नीचांक. मध्य आशियातील मजूर पूर्वी ही उणीव भरून काढीत. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळील क्रोकस सभागृहात झालेल्या हत्याकांडानंतर पोलीस त्यांच्याच मागे लागले. मग लक्ष वळले भारताकडे. डिसेंबर २०२५ मध्ये पुतिन दिल्लीस आले असता मजुरांच्या ये-जा करण्याविषयी करार झाला. नोकरीच्या आमिषाने गेलेले भारतीय तरुण रशियन सैन्यात अडकले आणि त्यांतील १२ जण मारले गेले, असे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले होते. त्या कराराचा विचार करताना ही गोष्ट विसरता येण्याजोगी नाही.

या व्यवस्थेला उघड विरोध करील असे कोणी शिल्लक ठेवलेले नाही. स्टालिनच्या काळातील बळींची स्मृती जपणारी 'मेमोरियल' ही संस्था डिसेंबर २०२१ मध्येच न्यायालयाने विसर्जित केली. नवाल्नी फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर ध्रुववृत्तापलीकडील तुरुंगात मरण पावले. पण क्रेमलिनला खरा धक्का बसला तो उदारमतवाद्यांकडून नव्हे. जून २०२३ मध्ये भाडोत्री सैन्याचा नायक प्रिगोझिन रणगाडे घेऊन मॉस्कोच्या दिशेने निघाला होता. दोन महिन्यांत त्याचे विमान कोसळले, पण तो प्रसंग विसरला गेलेला नाही. युद्ध संपले तर लक्षावधी सशस्त्र सवयीची माणसे घरी परततील. त्यांना दोन लाखांचा पगार कोण देणार? या सैनिकांतून देशाचा नवा नेतृत्ववर्ग घडवू, असे पुतिन यांनी २०२४ मध्ये जाहीर केले आणि त्यासाठी 'वीरांचा काळ' नावाची योजना काढली. तीतून निवडक लोकांना खुर्च्या मिळतील. उरलेले आपल्या गावच्या साखर कारखान्यात किंवा लाकडाच्या वखारीत पूर्वीच्याच मजुरीवर जातील, हे संभवत नाही. युद्ध थांबवणे हे युद्ध चालवण्याइतकेच अडचणीचे होऊन बसले आहे, ते यामुळे.

तिकडे थैलीही हलकी होत चालली आहे. २०२५ मध्ये तेल आणि वायूचे उत्पन्न सुमारे चतुर्थांशाने घटले. जानेवारी २०२६ पासून मूल्यवर्धित कर २० वरून २२ टक्के झाला. म्हणजे ज्या घरात युद्धाचा पैसा आला नाही, तेही आता युद्धासाठी पैसे मोजू लागले. व्होल्गाकाठच्या काही प्रांतांनी भरतीची रक्कम २०२५ च्या शरद ऋतूत एकदम खाली आणली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सक्तीच्या लष्करी सेवेची प्रक्रिया वर्षभर चालू ठेवण्याचा कायदा झाला, आणि राखीव सैनिकांकडून तेलशुद्धीकरण कारखान्यांसारख्या ठिकाणांची राखण करून घेण्याची तरतूद करण्यात आली. सप्टेंबर २०२२ ची भरती पूर्ण झाल्याचे क्रेमलिनने त्याच वर्षी ऑक्टोबर अखेर जाहीर केले होते. परंतु तो मूळ हुकूम रद्द करणारा दुसरा हुकूम २०२५ अखेरपर्यंत निघालेला नव्हता.