चौकट : काटा खरं सांगतो का?

नियम : संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्र. 39 नुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवता कामा नये. जास्त दाखवण्याची मुभा खऱ्या वेगाच्या 10 टक्के अधिक 4 किमी. म्हणजे खरा वेग 60 असताना काटा 70 पर्यंत चालतो.

तपासणी : मीरा-भाईंदर रस्त्यावर मेट्रो 9 चा पूल डोक्यावर असल्याने जीपीएसचा भरवसा नाही. काशीमिऱ्यापुढे वरसाव्याकडे, मोकळ्या आकाशाखाली, कमी वर्दळीच्या वेळी वेग स्थिर ठेवा. मोबाइलवरचा वेग सोबत्याने वाचावा. किंवा एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी 3600 ला भागा : 60 सेकंद म्हणजे ताशी 60 किमी.

टायरचं गणित : मीटर चाकाचे फेरे मोजतो. टायरचा व्यास बदलला की हिशेब बदलतो.

- 185/65 आर 15 : व्यास 621.5 मिमी
- 195/65 आर 15 : व्यास 634.5 मिमी, म्हणजे सुमारे 2 टक्के जास्त. अचूक मीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी जवळपास 82 ने धावत असेल.
- 195/55 आर 16 : व्यास 620.9 मिमी. रिम मोठी, तरी फरक नगण्य.

झिजलेला टायर : नक्षी 8 वरून 1.6 मिमीवर आली की व्यास सुमारे 13 मिमीने घटतो आणि काटा 2 टक्के जास्त दाखवतो. किलोमीटरही तितकेच फुगतात.

टायर बदलताना रुंदी, टक्केवारी आणि रिम हे तिन्ही आकडे कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा.