विजेची मोटार आणि देखभालीचा खर्च

मोटार घेणें सोपें, पण पोसणें कठीण, ही आपल्या मध्यम वर्गाची जुनी तक्रार आहे. विजेची मोटार बाजारांत आली तेव्हांपासून तिचे विक्रेते सांगूं लागले आहेत कीं, आतां ही तक्रार उरणार नाहीं. गाडीला इंजिनच नाहीं, मग देखभाल ती कशाची? उलटपक्षीं, बॅटरीच्या किंमतीचा आंकडा ऐकवून आपल्याला घाबरवून सोडणारा एखादा शेजारीही हटकून भेटतोच. दोघांचेंही बोलणें अर्धें खरें आहे. घराच्या खालोखाल मोटार हीच बहुतेक कुटुंबांची मोठी खरेदी असते, आणि एकदां दारांत आली म्हणजे दहा-बारा वर्षें ती जमाखर्चाच्या वहींत ठाण मांडून बसते. म्हणून हा हिशेब आज आपण जरा स्वस्थ चित्तानें तपासून पाहूं.

पेट्रोलच्या गाडीला एवढी देखभाल लागते तरी कां? चार नळकांड्यांचें इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्या एका मिनिटांत त्याच्या पोटांत ६,००० स्फोट झालेले असतात. प्रत्येक स्फोटानें दट्ट्या खालीं ढकलला जातो, दट्ट्याच्या ओढाताणीनें दांडा फिरतो, झडपा उघडतात आणि मिटतात. शेंकडों सुटे भाग एकमेकांना घासत असतात. शिवाय पेट्रोलमध्यें जी शक्ति सांठलेली असते, तिच्यापैकीं पाव ते एक-तृतीयांश हिस्साच चाकांपर्यंत पोंचतो. बाकीची उष्णता होऊन रेडिएटरमधून आणि धुराच्या नळींतून निघून जाते. चुलीवरच्या भातापेक्षां स्वयंपाकघरच अधिक तापावें, तसा हा प्रकार आहे.

या उष्णतेचें आणि घर्षणाचें निवारण करणें, हीच देखभालीच्या खर्चाची मुख्य बाब होय. वंगणाचें तेल काळवंडतें आणि त्याचा कस जातो, म्हणून साधारणतः १०,००० किलोमीटरनंतर किंवा वर्षानें तें बदलावें लागतें. त्याबरोबर तेलाची गाळणी, मग हवेची गाळणी, कांहीं काळानें ठिणगी पाडणारे प्लग, आणि त्यापुढें पट्टे, क्लचची तबकडी, पेट्रोलचा पंप, पाण्याचा पंप, सायलेन्सर. यांतलें कोणतेंही एक काम फारसें महाग नसतें. पण तीं कामें संपत नाहींत, आणि गाडीचें वय झालें कीं दोन-तीन मिळूनच दारांत उभीं राहतात.

विजेच्या गाडींत हा सगळा संसारच नाहीं. (गाडीलाच मोटार म्हणण्याची आपली रीत असल्यामुळें घोटाळा होऊं नये, म्हणून तिच्या चालक-यंत्राला मी येथें मोटर म्हणतों.) त्या मोटरमध्यें फिरणारा मुख्य भाग एकच, तो चुंबकीय शक्तीनें फिरतो, आणि त्याचे दोन्ही टोकांचे बेअरिंग सोडले तर घासण्यासारखें त्यांत कांहींच नसतें. बॅटरींतून मिळालेल्या शक्तीपैकीं नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग ती चाकांच्या कामीं लावते. क्लच नाहीं, गिअरही बहुधा एकच. मुंबईकरांना या यंत्राच्या चिवटपणाची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला ही विजेची पहिली गाडी धांवली, तेव्हांपासून तें उपनगरांतल्या लोकांना रोज कचेरीला पोंचवीत आहे. जुन्या मोटरमध्यें कोळशाचे ब्रश असत, ते झिजत व बदलावे लागत. आजच्या बहुतेक विजेच्या मोटारींच्या यंत्रांत तेही उरलेले नाहींत.

मग बचत किती होते? अमेरिकेच्या ऊर्जा-खात्याच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेनें २०२१ सालीं असा अंदाज प्रसिद्ध केला कीं, वेळापत्रकाप्रमाणें करावयाच्या देखभालीचा खर्च पेट्रोलच्या गाडीला दर मैलास १०.१ सेंट, तर विजेच्या गाडीला ६.१ सेंट येतो. तेथील कन्झ्यूमर रिपोर्ट्स या ग्राहक-संस्थेनें त्याच्या आदल्या वर्षीं मोटार-मालकांना विचारून देखभाल आणि दुरुस्ती मिळून खर्च काढला. तो अनुक्रमें ६.१ आणि ३.१ सेंट निघाला. दोघांची मोजण्याची रीत वेगळी आहे, म्हणून हे आंकडे एकमेकांशीं ताडून पाहण्यांत अर्थ नाहीं. दोन्ही तपासण्यांचा कल मात्र एकाच बाजूला आहे. पहिलींत बचत शेंकडा चाळीस दिसते, दुसरींत जवळजवळ निम्मी.

पण सेंटांचे रुपये करून हेच आंकडे आपल्या वहींत उतरवून घेण्याची घाई करूं नये. अमेरिकेंत मिस्त्रीच्या तासाची मजुरी भारी असते. आपल्याकडे ती तुलनेनें पुष्कळच कमी. लहान पेट्रोल-गाडीची वार्षिक तपासणी आपल्या शहरांत कांहीं हजार रुपयांत होते. त्यांतले शेंकडा चाळीस वांचले तरी ती रक्कम महिन्याकाठीं कांहीं शेंकड्यांच्या घरांत जाते. केवळ तेल आणि प्लग वांचतात म्हणून जो महाग गाडी घेईल, त्याचा हिशेब जुळावयाचा नाहीं. विजेच्या गाडीची मोठी बचत इंधनाची आहे. २०२४ सालीं मुंबईंत पेट्रोल लिटरला शंभर रुपयांवर होतें. लिटरला १५ किलोमीटर धरले, तर वर्षाच्या १०,००० किलोमीटरला साठ-सत्तर हजार रुपये पडतात. तेवढ्याच अंतराला, युनिटास ६ किलोमीटर आणि घरच्या विजेचा दर १० रुपये धरून, सतरा हजारांच्या आंत काम भागतें. बाहेरच्या चार्जिंगचा दर याहून बराच चढा असतो, हें मात्र विसरूं नये.

आतां ज्या गोष्टी दोन्ही गाड्यांना सारख्याच लागतात त्यांकडे वळूं. टायर, स्प्रिंगा व त्यांचे रबरी बुश, वायपर, वातानुकूलनाची गाळणी, ब्रेकचें द्रव, दिवे लावणारी १२ व्होल्टची लहान बॅटरी, हें सारें विजेच्या गाडींतही आहेच. रस्त्यांतला खड्डा गाडी कशावर चालते हें विचारीत नाहीं. बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवाची तपासणीही लागते. टायरांच्या बाबतींत तर विजेची गाडी अधिकच खर्चिक. बॅटरीमुळें तिचें वजन सारख्याच आकाराच्या पेट्रोल-गाडीपेक्षां कित्येकदां दोनशें किलो किंवा त्याहून जास्त भरतें, आणि पाय दाबतांच सारा जोर एकदम चाकांवर येतो. तरुण चिरंजीव गाडी चालवीत असतील, तर टायरांचें बिल लवकर येईल एवढें गृहीत धरावें.

ब्रेकची गोष्ट याच्या उलट, आणि मोठी मौजेची आहे. विजेच्या गाडीचा वेग कमी करतांना तिची मोटरच जनित्र बनते. चाकांची गति वीज होऊन बॅटरींत परत जाते, आणि ब्रेकच्या पट्ट्या बहुतेक वेळ स्वस्थ बसून असतात. खंडाळ्याचा घाट उतरतांना दीड हजार किलोची गाडी सुमारें साडेपांचशें मीटर खालीं येते. या उतारांत सव्वा दोन युनिटांच्या आसपास शक्ति मोकळी होते. पेट्रोलच्या गाडींत ती ब्रेक आणि इंजिन तापवून वायां जाते. विजेच्या गाडींत तिच्यांतला बराच भाग परत मिळतो. मात्र लोणावळ्यास मुक्काम करून बॅटरी कांठोकांठ भरून घेतली असेल, तर परत आलेली वीज ठेवावयास तींत जागाच उरत नाहीं, आणि सगळा भार नेहमींच्या ब्रेकवर पडतो. घाट उतरण्यापूर्वीं बॅटरी थोडी रिकामी असावी, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. शिवाय ब्रेक फार कमी वापरले गेले तर पावसाळी हवेंत त्यांच्या तबकड्यांना गंज धरतो; म्हणून वर्षांतून एकदां ते उघडून साफ करून घ्यावे.

आतां बॅटरी. या व्यवहारांतलें खरें मर्म तेंच आहे, आणि तें आजचें नव्हे. १९०० सालीं अमेरिकेंत एकूण ४,१९२ मोटारी तयार झाल्या, त्यांत विजेच्या १,५७५ होत्या आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६, उरलेल्या वाफेच्या. स्वच्छ, शांत आणि हातानें दांडा न फिरवतां सुरू होणारी ही गाडी मागें पडली, त्याच्या कारणांत जड आणि अल्पायुषी बॅटरी हें एक प्रमुख कारण होतें. आपल्याकडे २००१ सालीं बंगळूरला रेव्हा ही छोटी गाडी निघाली. तिच्याही सुरवातीच्या बॅटऱ्या शिशाच्या होत्या, आणि त्या थोड्या थोड्या वर्षांनीं बदलाव्या लागत. बॅटरीविषयींची लोकांची धास्ती बरीचशी त्या काळाची आहे. आज लिथियमच्या बॅटऱ्या वापरतात, आणि त्यांचा स्वभाव निराळा आहे.

कोणी म्हणेल, माझ्या खिशांतल्या फोनची लिथियम बॅटरी तीन वर्षांत मंदावते, मग मोटारीची दहा वर्षें कशी टिकावी? फोन आपण जवळजवळ रोज रिकामा करतों आणि रोज भरतों. म्हणजे वर्षाला तीनशेंहून अधिक वेळां. एका भरण्यांत ३०० किलोमीटर जाणारी गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर चालली, तर तिची बॅटरी वर्षांत पुरती अशी तेहतीस-चौतीस वेळांच रिकामी होते. दहा वर्षें झालीं तरी फोनच्या एका वर्षाएवढाच वापर होतो. शिवाय बहुतेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्याची व्यवस्था असते. फोनला ती नसते.

मग बॅटरी झिजते कशानें? वापरानें थोडी, आणि काळानें व उष्णतेनें अधिक. २०१० च्या अखेरीस निसान कंपनीची लीफ ही गाडी बाजारांत आली. तिची बॅटरी द्रवानें थंड करण्याची सोय नव्हती. अमेरिकेच्या ॲरिझोना प्रांतांतल्या कडक उन्हांत तिची क्षमता झपाट्यानें घटल्याच्या तक्रारी २०१२ सालीं आल्या, आणि पुढें कंपनीला क्षमतेचीही हमी द्यावी लागली. विदर्भ-मराठवाड्यांतल्या वाचकांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. गाडी सावलींत उभी करणें, महिनोन् महिने उभी राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून न ठेवणें, आणि जलद चार्जिंग प्रवासापुरतेंच राखणें, हीच या बॅटरीची खरी देखभाल. तिला पैसे पडत नाहींत. दुसराही एक मुद्दा आहे. उभी राहिलेली बॅटरीही म्हातारी होते. म्हणून रविवारींच गाडी बाहेर काढणाऱ्याला बॅटरीचें वय तेवढेंच भरावें लागतें, आणि इंधनाची बचत मात्र पदरांत फारशी पडत नाहीं. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जाणाऱ्या कुटुंबासाठीं ही गाडी आहे; महिन्यांतून दोनदां देवदर्शनाला जाणाऱ्यांनीं पेट्रोलची लहान गाडी ठेवावी, असें माझें मत आहे.

जानेवारी २०२० मध्यें टाटांची विजेवर चालणारी नेक्सॉन आली, तेव्हां तिच्या बॅटरीला ८ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकीं जें आधीं होईल तोंवर हमी होती. हमीच्या काळांत बॅटरीचा दोष हा आपला खर्च नव्हे. हमी संपल्यावर ती बदलण्याचा प्रसंग आलाच, तर काय? २०२४ सालीं बॅटरीची जागतिक सरासरी किंमत, ब्लूमबर्गच्या पाहणीप्रमाणें, दर युनिट-क्षमतेला ११५ डॉलर होती. आदल्या वर्षीं ती १३९ होती. ३० युनिटांच्या बॅटरीला या दरानें तीन लाख रुपयांच्या आंत-बाहेर पडतात. ही कारखानदाराची किंमत झाली. ग्राहकाच्या बिलांत कर, मजुरी आणि नफा मिळून ती पुष्कळ वाढते. कित्येकदां सारी बॅटरी न बदलतां तिच्यांतला बिघडलेला संच तेवढा बदलतां येतो. पण तें काम कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

आणि हा प्रश्न माझ्या मतें बॅटरीच्या किंमतीपेक्षांही अधिक विचार करण्यासारखा आहे. गल्लीच्या तोंडाशीं बसणारा मिस्त्री पेट्रोलचें इंजिन आवाजावरून ओळखतो, पदरचा सुटा भाग लावून संध्याकाळपर्यंत गाडी हातांत देतो, आणि बिलांत चार पैसे कमीही करतो. विजेच्या गाडींत तीनशें-चारशें व्होल्टचा दाब असतो. खास शिक्षण, रबरी हातमोजे आणि कंपनीची संगणक-प्रणाली यांवांचून तिला हात लावतां येत नाहीं. गाडी बिघडली कीं कंपनीच्या दारीं जावें लागतें आणि सुट्या भागाची वाट पाहावी लागते. कन्झ्यूमर रिपोर्ट्सनेंच २०२३ सालीं नोंदविलें कीं, नव्या विजेच्या गाड्यांत पेट्रोलच्या गाड्यांपेक्षां सुमारें ७९ टक्के अधिक तक्रारी आढळल्या. देखभाल स्वस्त आणि तक्रारी जास्त, यांत विरोध नाहीं. बहुतेक दोष हमींत दुरुस्त होतात, म्हणून पैसे जात नाहींत, दिवस जातात. ज्याच्या गांवीं कंपनीचें दुरुस्ती-केंद्र नाहीं, त्यानें ते दिवस आधींच हिशेबांत धरावे. इकडे त्या मिस्त्रीला हें नवें काम शिकविण्याची सोय झाली नाहीं, तर वीस-पंचवीस वर्षांची विद्या हातीं असून त्याचा धंदा बसेल. गाडी घेणाऱ्यालाही त्याच्यावांचून अडचणच आहे.

विम्याचें थोडक्यांत सांगतों. जून २०२२ मध्यें तिसऱ्या पक्षाच्या विम्याच्या हप्त्यांत विजेच्या गाड्यांना १५ टक्के सवलत मिळाली. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा गाडीच्या किंमतीवर ठरतो, आणि तो बहुधा जास्तच बसतो. बॅटरी गाडीच्या तळाशीं असते. मोठा दगड पोटाला लागला किंवा गाडी पुराच्या पाण्यांत उभी राहिली, तर वरून कांहीं दिसत नसलें तरी ती तपासून घ्यावी, आणि बॅटरीची अशी हानि आपल्या विम्यांत येते कीं नाहीं, हें सही करण्यापूर्वीं वाचून पाहावें.

जुनी गाडी घेणाऱ्याचें परीक्षण आतां बदललें आहे. पूर्वीं आपण इंजिनाचा आवाज ऐकत होतों आणि धुराचा रंग पाहत होतों. येथें दोन्ही नाहींत. बॅटरीची मूळच्या क्षमतेपैकीं शेंकडा किती क्षमता उरली आहे, याचा कंपनीच्या केंद्रांतून लेखी दाखला मागावा. हमीचीं किती वर्षें शिल्लक आहेत आणि ती नव्या मालकाच्या नांवें होते कीं नाहीं, हें विचारावें. टायरांची झीज पाहावी. विक्रेता दाखला देण्याचें टाळूं लागला, तर किंमत कितीही उतरली तरी ती गाडी दुसऱ्याला घेऊं द्यावी.