राजीनाम्याआधी पासबुक उघडा

महाड एमआयडीसीत आठ-दहा वर्षं पाळ्या केलेला माणूस काम बदलायचं म्हणाला, की घरातून पहिलं वाक्य येतं, ‘राजीनामा दिलास तर सगळं बुडेल.’ या धाकापोटी कितीतरी जण नकोशा कामात अडकून पडतात.

कायम कामगाराची सलग पाच वर्षं झाली असतील, तर स्वतःहून नोकरी सोडली तरी ग्रॅच्युइटी मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज २६ ने भागायची, १५ ने गुणायची आणि त्याला पुन्हा नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. बेरीज १३,००० आणि नोकरी आठ वर्षांची असेल, तर ६०,००० रुपये होतात. साडेचार वर्षं भरली असतील, तर थोडे महिने कळ काढणं शहाणपणाचं.

पीएफही बुडत नाही, फक्त तो नव्या खात्यात वळवून घ्यावा लागतो. खरं नुकसान होतं ते घाईने पेन्शनचे पैसे काढल्याने. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. समजा, मुंबईतली चार आणि महाडची सहा वर्षं मिळून दहा भरतात, पण मुंबईच्या वेळचे पैसे तेव्हाच काढले असतील तर ती चार वर्षं गेली. मोबाइलवर पासबुक उघडा आणि जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का, ते पाहा. ती नसेल तर पीएफ वळवण्याचा अर्ज अडतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती स्वतःलाही भरता येते.

‘आपल्याकडे धरलेली नोकरी कोणी सोडत नाही’ हेही खरं नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांत कोकणातले पुष्कळ होते. अनेकांना पुन्हा गिरणीत जाताच आलं नाही आणि त्यांनी मिळेल ते काम धरलं. त्यांना विचार करायला सवड नव्हती. तुम्हाला आहे, हा फार मोठा फरक आहे.

वयाची भीती अर्धी खरी. एमपीएससीला खुल्या गटासाठी साधारण ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ ही मर्यादा आहे, आयटीआयच्या प्रवेशाला मात्र कमाल वयाची अट नाही. चाळिशीत वायरमनचं काम शिकता येतं.

‘धंदा काढायचा तर आधी नोकरी सोडावीच लागते’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. सुट्टीच्या दिवशी आणि पाळी संपल्यावर काही महिने त्या धंद्याचं काम करून पाहा, गिऱ्हाईक मिळतं का आणि उधारी किती तुंबते ते कळेल. महाडच्या बाजारपेठेत गाळा घेणार असाल, तर जुलै २०२१ च्या पुरात तिथे पाणी कुठवर चढलं होतं ते शेजारच्या दुकानदाराला विचारा आणि मालाचा विमा पहिल्या दिवसापासून उतरवा.

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, पगाराच्या पावत्या आणि नेमणूकपत्र जपून ठेवा, आणि मगच राजीनामा लिहा.