टांगानिकाची सुकी मासळी : नफा जाळ्यात नव्हे, वाळवणात

पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवर सुमारे ६७० किलोमीटर लांब आणि १,४७० मीटर खोल आहे. खोलीच्या बाबतीत फक्त रशियाचे बैकल त्याच्या पुढे आहे. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांतील काठावरच्या लोकांचा चरितार्थ मुख्यतः एका बोटभर मासळीवर चालतो. टांझानियात तिला डागा म्हणतात.

हा धंदा रात्रीचा. होडीवर दिवा लावून पाण्यात जाळे सोडतात. उजेडाकडे मासळी गोळा होते. पूर्वी पेट्रोमॅक्स असे, आता बॅटरीचे बल्ब आले. चांदण्या रात्री दिव्याचा प्रभाव पडत नाही, म्हणून पौर्णिमेच्या सुमारास होड्या काठालाच राहतात आणि बाजारातील आवक घटते. सकाळी बायका काठावरच माल विकत घेतात व उन्हात वाळवतात. सुका माल टांझानियातील किगोमा बंदरातून दूरच्या शहरांत जातो.

इतके खोल पाणी म्हणजे अमाप मासळी, असा समज होईल. तो चुकीचा आहे. साधारण २०० मीटरखाली पाण्यात प्राणवायूच नाही. मासे वरच्या थरातच जगतात. त्यांचे खाद्य ज्या क्षारांवर पोसते, ते मात्र खाली साठलेले. हे अडकून पडलेले भांडवलच! मे ते सप्टेंबरमध्ये दक्षिणेचे वारे पाणी ढवळतात, तेव्हा त्यातले काही वर येते. वरचे पाणी तापत चालल्याने हे ढवळणे मंदावले आहे, असे शास्त्रज्ञांनी २००३ साली दाखवून दिले. त्यात होड्या आणि जाळी वाढली.

मासळीला वाढीची उसंत मिळावी म्हणून टांझानियाने २०२४ मध्ये १५ मे ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद ठेवली. उपाय रास्त होता. पण रोज माल घेऊन रोज विकणाऱ्या बाईने तीन महिने काय करावे?

तिच्या हाती एक गोष्ट आहे. वाळूवर पसरलेल्या मासळीला रेती लागते, पावसाची सर आली की माल कुजतो. जमिनीपासून उंच, जाळीच्या मांडवावर तीच मासळी स्वच्छ आणि लवकर सुकते, भावही चांगला मिळतो. सरोवर जास्त देणार नसेल, तर मिळालेले वाया न घालवणे हाच खरा नफा होय.