आधी सांग, जेवलास का?

आमच्या मंडळात गेली काही वर्षं माझी ओळख ‘कोरियनवाले काका’ अशी आहे. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कोणीतरी हमखास विचारतं, “काय काका, सध्या कोण कुणाच्या प्रेमात पडलंय?” मीही हसून घेतो. सगळी नोकरी पुलांची गणितं करण्यात घालवलेला साठीचा गृहस्थ रात्री साडेअकराला बेसमेंटमध्ये एकटाच डोळे पुसत बसतो, हे कळल्यावर लोक हसणारच. यंदा संपादक मंडळींनी “आता लिहूनच टाका” असा आग्रह धरला, म्हणून हा कबुलीजबाब.

सुरुवात झाली मार्च २०२० मध्ये. कॉलेज बंद पडलं आणि मुलगी सामानसुमानासकट न्यू जर्सीला घरी परत आली. दिवसभर तिच्या खोलीतून अनोळखी भाषेतले संवाद ऐकू यायचे. मालिकेचं नाव ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’. दक्षिण कोरियातली एक गडगंज श्रीमंत बाई पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि थेट उत्तर कोरियात जाऊन पडते. तिथला एक सैनिकी अधिकारी तिला लपवतो आणि पुढे व्हायचं ते होतं. कथानक ऐकून मी म्हणालो, “यापेक्षा आमचे मनमोहन देसाई बरे.” पण हिने बघायला घेतलं. एके संध्याकाळी आतून हाक आली, “अहो, या जरा! आमच्या गल्लीतल्या बायका पापड लाटायला बसल्यात बघा!” पडद्यावर उत्तर कोरियातल्या खेड्यातल्या बायका हिवाळ्यासाठी किमची घालत बसल्या होत्या. एकमेकींची उणीदुणी काढत, हात लाल करत. मी दारात उभा राहिलो आणि उभ्याउभ्याच अर्धा भाग पाहिला. पुढचा अर्धा बसून.

त्यानंतर किती मालिका पाहिल्या, याचा हिशेब ठेवलेला नाही. मतं मात्र पक्की झाली आहेत. ती सांगतो.

पहिलं मत असं, की गोष्ट संपली पाहिजे. कोरियन मालिका साधारण सोळा भागांची. आठवड्याला दोन भाग, दोन महिन्यांत खेळ खलास. जपानी त्याहून आटोपशीर, तीन महिन्यांत दहा-अकरा भाग. जपानमधली लांबलचक म्हणावी अशी ‘ओशिन’. एनएचकेवर १९८३-८४ मध्ये रोज सकाळी पंधरा मिनिटं लागायची. तिचे २९७ भाग झाले, पण तीही ठरल्याप्रमाणे वर्षभरात संपली. आपल्या ‘चार दिवस सासूचे’ने तीन हजारांहून जास्त भाग गाठले. नावात दिवस चारच! मी दूरदर्शनच्या तेरा भागांच्या मालिकांवर वाढलेला माणूस. ज्या लेखकाला शेवट ठाऊक असतो, तो पहिल्या भागात पेरलेलं शेवटच्या भागात उगवून दाखवतो. ज्याला शेवटच करायचा नसतो, तो दर गुरुवारी कोणाच्या तरी दुधात काहीतरी मिसळतो.

मी भक्त असलो तरी आंधळा नाही. कोरियन मालिकांतले श्रीमंत वारस मला आता तोंडपाठ झाले आहेत: कंपनी वडिलांची, आई कजाग, मुलगा देखणा आणि उद्धट. गोष्ट अडली की पांढरा ट्रक येतो आणि कोणाला तरी उडवतो. त्यातून वाचलेल्याची स्मृती जाते. नायक नायिकेचं मनगट धरून तिला ओढत नेतो आणि त्याला प्रेम म्हणतात. मुलगी आणि मी दोघेही अशा वेळी पडद्यावर ओरडतो. गरीब नायिका ठरावीक कंपनीचंच सँडविच खाते आणि वेष्टन कॅमेऱ्याकडे धरते. जपानी मालिकांचा दोष उलटा. तिथे दोन माणसं नऊ भाग एकमेकांकडे बघतात आणि दहाव्यात छत्री उघडतात. हिला ते फार आवडतं. मला कधीकधी छत्रीखाली जाऊन दोघांना ढकलावंसं वाटतं.

दुसरं मत सबटायटल्सबद्दल. कोरियन मुलगा मोठ्या भावाला ‘ह्योंग’ म्हणतो, मुलगी ‘ओप्पा’. मोठ्या बहिणीला मुलगा ‘नूना’ म्हणतो, मुलगी ‘ऑन्नी’. शेजारची काकू ती ‘आजुम्मा’. वडील तर चक्क ‘आप्पा’! इंग्रजी सबटायटलमध्ये यातलं बरंचसं पुसलं जातं आणि थोरल्या भावाला धाकटा सरळ नावाने हाक मारताना दिसतो. तीच गत आपल्या तू-तुम्हीची. कोरियनमध्ये आदराचं बोलणं वेगळं, जवळिकीचं वेगळं, आणि क्रियापदाच्या शेपटातून ते कळतं. नायक-नायिका एकातून दुसऱ्यात जातात, ती मालिकेतली मोठी घटना असते. इंग्रजीत आधीही ‘यू’ आणि नंतरही ‘यू’. एकदा मुलीने विचारलं, “बाबा, ती एवढी चिडली कशाला?” म्हटलं, “ओळख ना पाळख, आणि त्याने तिला एकदम ‘अगं’ केलं.” इथे जन्मलेल्या माझ्या मुलीला तू आणि तुम्ही यांतला फरक आम्ही वीस वर्षं समजावत होतो. तो तिला कोरियनमधून कळला. त्या आठवड्यात हिच्या काकांशी फोनवर बोलताना ती “तू कसा” म्हणता म्हणता थांबली आणि “तुम्ही कसे आहात” म्हणाली. काकांनी “कनेक्शन बरोबर लागलंय ना?” असं विचारलं.

जपानी घरातून बाहेर पडणारा माणूस म्हणतो, ‘इत्तेकिमास’. शब्दशः अर्थ, जाऊन येतो. घरात असलेला उत्तर देतो तेही त्याच अर्थाचं, जाऊन ये. आमची आई उंबऱ्यात उभी राहून दरवेळी दटावायची, “जातो म्हणू नये, येतो म्हणावं.” तीस वर्षांपूर्वी विमानतळावर मी “येतो” म्हणून निघालो आणि कायमचा इकडचा झालो. जपानी मालिकेत शाळेची पोरं रोज सकाळी बूट घालता घालता हा शब्द फेकून पळतात. मला तो दरवेळी ऐकू येतो.

जपानी मालिकांत माझी सर्वांत आवडती ‘मिडनाइट डायनर’. यारो आबे यांच्या मांगावरून, म्हणजे चित्रकथेवरून, २००९ मध्ये ती सुरू झाली. टोकियोतल्या शिंजुकूच्या एका बोळात छोटंसं खाणावळवजा दुकान, रात्री बारा ते सकाळी सात उघडं. मालकाला सगळे ‘मास्टर’ म्हणतात. डोळ्यावरून गेलेला जुना व्रण, बोलणं बेताचं. पाटीवर पदार्थ एकच, डुकराच्या मांसाचं मिसो सूप. दारू माणशी तीन पेल्यांपर्यंतच. पण सामान असेल तर गिऱ्हाईक मागेल ते करून देणार. एक गुंड येतो आणि लहान मुलांच्या डब्यात असतात तशी, ऑक्टोपसच्या आकारात कापलेली लाल सॉसेजेस मागतो. एक धडपडणारी गायिका गरम भातावर सुक्या माशाचा कीस आणि सोया सॉस मागते. प्रत्येक भाग जेमतेम पंचवीस मिनिटांचा. त्या भाताकडे बघताना मला तापातून उठल्यावरचा मेतकूट-भात आठवतो. मोठी माणसं रात्री दोन वाजता लहानपणचं मागतात, एवढीच ती गोष्ट आहे.

आता खरं कारण, ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो.

‘रिप्लाय १९८८’ ही वीस भागांची कोरियन मालिका २०१५-१६ मधली. सोलमधल्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, सोल ऑलिंपिकचं वर्ष, शेजारची कुटुंबं आणि त्यांची एकत्र वाढलेली पाच पोरं. नायिका दोक-सन मधली मुलगी. थोरल्या बहिणीच्या वाढदिवसातच हिचा उरकला जातो. वडील बँकेत, पण दुसऱ्याला जामीन राहिल्यामुळे कर्जात बुडालेले. पहिल्याच भागात संध्याकाळी पोरं वाडगे घेऊन या घरातून त्या घरात धावतात. इकडून रस्सा गेला की तिकडून कोशिंबीर येते, रिकामं भांडं परत पाठवायचं नाही. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात हे काम माझं आणि धाकट्या भावाचं असायचं. मी आमटी सांडायचो, तो सांडायचा नाही.

दुसऱ्या भागात दोक-सनची आजी वारते. कुटुंब गावी जातं. नातवंडं रडवेली, पण मोठी माणसं पाहुण्यांचं आगतस्वागत करण्यात, हसण्याबोलण्यात दंग. वडील तर सर्वांत मोठ्याने हसत असतात. पोरीला कळेना, यांना काहीच कसं वाटत नाही? रात्री उशिरा थोरला भाऊ येतो. अमेरिकेहून. तो दारात दिसतो आणि दिवसभर हसणारी ती भावंडं एकमेकांच्या गळ्यात पडून लहान मुलांसारखी रडू लागतात.

मी तिथे मालिका थांबवली.

आमची आई फेब्रुवारी २००९ मध्ये गेली. इकडे बर्फाचं वादळ होतं, विमान रद्द झालं, दुसरं मिळेपर्यंत वेळ निघून गेली. साताऱ्याला पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. संगम माहुलीला अस्थी गोळा करून धाकटा भाऊ परतला होता आणि दारात मांडवाच्या खुर्च्या उतरवून घेत होता. खुर्चीवाल्याशी काहीतरी बोलून हसला. मग मला पाहिलं, पुढे येऊन हातातली बॅग घेतली आणि म्हणाला, “दादा, जेवलास का?”

ते हसणं माझ्या मनात रुतून बसलं. आई जाऊन तीन दिवस झाले, हा हसतोय आणि मला जेवणाचं विचारतोय! मी कधी बोलून दाखवलं नाही. पण आमचे फोन आखूड होत गेले. वाढदिवस, दिवाळी, घरपट्टी, एवढ्यापुरते. अकरा वर्षं.

कोरियन मालिकांत जागोजागी एक प्रश्न येतो, “बाप मोगोस्सो?” यातला ‘बाप’ म्हणजे शिजवलेला भात, आणि तोच शब्द जेवणालाही. जेवलास का? आई फोनवर हेच विचारते, भांडण झालेला मित्र हेच विचारतो, ज्याला ‘माझं चुकलं’ म्हणता येत नाही तोही हेच विचारतो. इतक्या मालिकांत हे ऐकून मला त्याचा अर्थ पाठ झाला होता. माझ्याच भावाच्या तोंडचा तेवढा कळला नव्हता. ती तीन दिवसांची गोष्ट मी आजवर फक्त विमानातून उतरलेल्याच्या बाजूने पाहिली होती.

रात्रीचे साडेअकरा, म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. फोन लावला. कोविडचे दिवस, त्याने घाबरून विचारलं, “कोण आजारी आहे?”

“कोणी नाही. एक विचारायचं होतं. आई गेली तेव्हा तू रडलास कधी?”

बराच वेळ नुसती कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाला, “तू आल्यावर रडू, असं डोक्यात होतं. तोवर सगळे मलाच विचारत होते, चहा किती टाकायचा, गुरुजींना किती द्यायचे. मग तू आलास, तर तुझंच तोंड एवढंसं झालेलं. म्हटलं, आधी याला जेवू घालू. मग राहूनच गेलं.”

यानंतर आम्ही दोघं फोनवर रडलो, असं लिहिलं तर शोभून दिसेल. तसं झालं नाही. तो म्हणाला, “तिकडे मध्यरात्र असेल. झोप आता.” पण पुढच्या रविवारी फोन त्याने केला, आणि विचारलं, “ती मालिका कुठली म्हणालास?”

आता नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी दोन शब्द. ‘रिप्लाय १९८८’चे भाग लांब आहेत आणि सुरुवात गोंगाटाची, दुसऱ्या भागापर्यंत तरी धीर धरा. रोज झोपण्यापूर्वी थोडंसंच बघायचं असेल तर ‘मिडनाइट डायनर’. फक्त उपाशीपोटी बसू नका. आई-मुलीने मिळून बघायची असेल तर २०२५ मध्ये आलेली ‘व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरीन्स’. जेजू बेटावरची, समुद्रात बुड्या मारून पोट भरणाऱ्या आईच्या मुलीची गोष्ट. आणि चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने ‘माय मिस्टर’ बघावी, २०१८ ची. तिचा नायक स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इमारतीवर बाहेरून किती भार येतो आणि आतून ती किती सोसू शकते, हे तो माणसांच्या बाबतीतही बोलतो. पुलांवर आयुष्य काढलेल्या माणसाला याहून आणखी काय हवं? शिवाय तीन भाऊ आहेत, भांडतात, एकत्र पितात, आणि आईच्या घरी जेवतात.

धाकटा सध्या तीच बघतोय, पुतणीला शेजारी बसवून. सबटायटल्स भराभर पळतात अशी त्याची तक्रार आहे. दर रविवारी एका भागावर आमची चर्चा होते, कधी तासभर. काल बाराव्या भागापर्यंत आला. भारतात कोणाला तो भेटलाच, तर कृपा करून शेवट सांगू नका.