कापणी-प्रयोग आणि संख्याशास्त्रज्ञ

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात रब्बी ज्वारी एकाच शेतातही सारखी नसते. खोल जमिनीत कणसे भरदार, तर मुरमाड कडेला ताटे खुरटलेली आढळतात. उत्पन्न मोजण्यासाठी यांपैकी कोणता तुकडा कापावा? नजरेने निवड केल्यास मन चांगल्या भागाकडे ओढ घेते. म्हणून संख्याशास्त्रज्ञ यादृच्छिक अंकांवरून जागा ठरविण्याची रीत घालून देतो. ती जागा निकृष्ट निघाली तरी बदलावयाची नसते.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात ही पद्धती देशात रुजविण्यास मोठा हातभार लावला. फार लहान तुकडा कापल्यास सीमेवरील ताटे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, हे त्यांनी दाखवून दिले.

पीकविम्याची भरपाई ठरविताना या प्रयोगांचे आकडे उपयोगात येतात. आकडा फुगला की नुकसान झाकले जाते. यास्तव ग्रामकार्यकर्त्यांनी दोरी ताठ धरावी आणि बुंधा आत असलेलेच ताट मोजावे. वजनाच्या वेळी शेतकऱ्यांनी स्वतः हजर राहावे. शंका असल्यास संख्याशास्त्रज्ञास कापणीपूर्वीच विचारावे. कापलेले पीक पुन्हा उभे करता येत नाही.