भंगार की बंगार?

मराठीत 'भंगार' म्हणजे मोडीत काढलेला माल. कन्नडमध्ये 'बंगार' म्हणजे सोने. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करीत घाट उतरून गोव्यात गेले की कोकणीतले 'भांगर' तेही सोनेच. जुन्या मराठीतही 'भांगार' सोन्यालाच म्हणत. दुसरीकडे 'गुजरी' म्हटले की कोल्हापूरकराला सराफांची गल्ली आठवते, आणि कन्नड माणसाला भंगाराचे दुकान. ज्या घरात आई मराठी आणि वडील कन्नड बोलतात, तिथल्या मुलांना ही गंमत शिकवावी लागत नाही.

पण शब्दांची ही अदलाबदल आपल्या भागात नुसती गंमत राहिलेली नाही. दिवाळी सरली, भातकापणी आटोपली की जांबोटीच्या रस्त्यावर एक ओळखीचे दृश्य दिसते. ताडपत्री बांधलेला टेम्पो, ताडपत्रीखालून डोकावणारा कोरीव दरवाजाचा कोपरा, आणि मागे गोणपाटात गुंडाळलेले हंडे. कुठेतरी एक घर उतरवले जात असते. मातीच्या भिंती, मंगळुरी कौले, फणसाचे खांब असे ते घर असते. त्या जागी आता स्लॅबचे घर येणार. आणि घर उतरायच्या आधी माळा उतरतो.

माळा, आपल्या कन्नड शेजाऱ्यांचे 'अट्ट', म्हणजे आपल्याकडची खरी वखार. या पट्ट्यातला पाऊस चार महिने कोसळणारा. त्या दिवसांची बेगमी माळ्यावर असायची, आणि जे मोडले, जुने झाले, पण टाकवले नाही, तेही तिथेच जायचे. दोन-तीन पिढ्यांत माळ्यावर नेमके काय आहे हे घरात कोणालाच ठाऊक उरत नाही. मुले पुण्याला, बेंगळूरला, गोव्याला. म्हाताऱ्या माणसांना शिडी चढवत नाही. मग खरेदीदार येतो, बॅटरीचा झोत चौफेर फिरवतो, खाली उतरून हात झटकतो आणि म्हणतो, "काकू, नुसतं ओझं की हे. सगळं उक्तं द्या, माळा झाडून देतो."

'उक्ते' या शब्दात सारा धंदा आहे. वस्तू मोजायची नाही, वजन करायचे नाही, सगळ्याला मिळून एक रक्कम. अमेरिकेत सामान ठेवायला भाड्याने खोल्या मिळतात. भाडे थकले की मालक कायद्याने दिलेली मुदत संपल्यावर त्या खोलीतल्या मालाचा लिलाव करतो. बोली लावणाऱ्यांना दार उघडून बाहेरूनच पाहू देतात, आत पाय टाकू देत नाहीत. २०१० साली सुरू झालेल्या 'स्टोरेज वॉर्स' या मालिकेने हा प्रकार जगभर पोचवला. आपल्या माळ्याच्या सौद्यात आणि त्यात एक फरक आहे. तिथे आत काय आहे हे विकणाऱ्याला माहीत नसते आणि घेणाऱ्यालाही नसते. इथे घेणाऱ्याला पुष्कळ कळते, विकणाऱ्याला कळत नाही. नफ्याचा मोठा भाग याच फरकातून निघतो, असे माझे मत आहे.

हिशेबाची रीत समजून घेण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा सौदा २५,००० रुपयांना ठरला. खरेदीदाराने मनात आधी तांबे-पितळ तोलले. मोडीच्या दराने त्याचे १५,००० तरी येतील असे धरले. ही त्याची तळाची रक्कम, इथून खाली तो जात नाही. उरलेले १०,००० त्याने लावले एका शिसवी पेटाऱ्यावर, कोपऱ्यातल्या लामणदिव्यावर आणि दोन तसबिरींवर. पेटारा दुरुस्त करून शहरात गेला तर एकटा तेवढे देतो. बाकीचे फुकट पडले. मुरलेला खरेदीदार त्या पेटाऱ्याकडे वळूनही बघत नाही. तो घासाघीस करतो लोखंडी कपाटावर, आणि शेवटी सहज म्हणतो, "हे किरकोळ वरून द्या." वरून दिलेले ते किरकोळ म्हणजेच त्याचा नफा.

तरी या धंद्यातल्या माणसाला लबाड म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. पेटाऱ्याचा तळ वाळवीने खाल्लेला निघतो. तसबीर म्हणून घेतलेली वस्तू पन्नास वर्षांपूर्वीचे कॅलेंडर निघते. टेम्पोचे भाडे, चार माणसांची मजुरी, चिंच लावून घासणे, कल्हई, पॉलिश हे सगळे पैसे आधी जातात. मग गिऱ्हाईक मिळेपर्यंत माल पावसाळ्यात कोरडा ठेवायला जागा लागते, आणि पैसा महिनोन्महिने अडकतो. कोरीव चौकट विकत घेणारा माणूस रोज दारात उभा राहत नाही. गोव्यातली हॉटेले, चोर्ला रस्त्यावरची होमस्टे, शहरात 'वाड्याचा' देखावा उभा करणारी भोजनगृहे ही त्याची गिऱ्हाइके. त्यांना वस्तू हवी असते, पण स्वच्छ, डागडुजी केलेली, जागेवर पोचती. तेवढी मेहनत घरमालक करीत नाही, तेव्हा त्या मेहनतीचा पैसा खरेदीदाराचाच. प्रश्न उरतो तो मेहनतीवरच्या पैशाचा.

लाकडाचेच बघा. सागवान (कन्नडात 'तेग') आणि शिसव ('बीटे') ही नावे सर्वांना माहीत. पण आपल्या घरांत ऐन म्हणजे 'मत्ती', बिबला म्हणजे 'होन्ने' आणि फणस ही लाकडे जास्त. शंभर वर्षे घरात मुरलेले लाकूड नव्यासारखे वाकत-फाटत नाही, म्हणून सुतार ते आवडीने घेतो. जळणाच्या भावाने दिलेले वासे पुढे जेवणाच्या टेबलाचे पाय होतात. मात्र असे लाकूड तालुक्याबाहेर, त्यातून घाटाखाली न्यायचे तर वन खात्याचा परवाना आधी विचारून घ्यावा. 'आमच्याच घराचे आहे' एवढे सांगून नाक्यावर भागत नाही.

कायद्याची बाजू बहुतेक घरांत शेवटी आठवते. १९७२ चा पुरावस्तू कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. कलाकुसरीच्या वा ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूला शंभर वर्षे झाली, किंवा तशाच महत्त्वाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर, तर ती पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. जुन्या मूर्तींची नोंदणी करावी लागते. रोजच्या वापरातल्या हंड्या-घागरींना हे सहसा लागू पडत नाही, पण देव्हाऱ्यातली मूर्ती आणि पोथी यांचा सौदा घाईने करू नये. भिंतीवरची सांबराची शिंगे तर सौद्यात धरूच नयेत. १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची विक्री गुन्हा ठरते, मग ती आजोबांच्या काळातली का असेनात. घेणाऱ्यालाही जोखीम आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देवळातली समई स्वस्तात मिळते तेव्हा ती स्वस्त का, हे विचारायला हवे. नोंदणी करून धंदा करणाऱ्याला जीएसटीत एक सवलत आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. जुन्या वापरलेल्या मालावर पूर्ण विक्री किमतीवर नव्हे, तर खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरता येतो. त्यासाठी खरेदीची पावती मात्र हवी.

आता फसवणुकीचा बाजार. पितळी कर्ण्याचे 'हिज मास्टर्स व्हॉइस' ग्रामोफोन नव्याने जोडून जुने म्हणून विकले जातात. एका बाजूला रामदरबार आणि दुसरीकडे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल असलेली 'नाणी' घरोघर जपलेली असतात. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला. त्याच्या तसबिरीखाली छापखान्याचे नाव असते, पुढच्या नकलांत ते नसते किंवा पुसट असते. जुन्या नोटा-नाण्यांना लाखो रुपये देऊ म्हणून आधी 'कमिशन' मागणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर सावध केले होते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे 'राइस पुलर'. तांब्याचे भांडे तांदळाचे दाणे ओढून घेते, त्यात वीज पडून दैवी शक्ती आली आहे, परदेशी कंपनी कोट्यवधी देते, अशी ती कथा. तांब्यात असले काही नसते. पण माळ्यावर खरोखरीचा जुना तांब्याचा हंडा असलेल्या घरालाच ही थाप लवकर लागू पडते, हे ध्यानात घ्यावे.

मला स्वतःला माळ्यावरच्या दोन गोष्टींची काळजी वाटते, आणि दोन्ही किलोवर जातात.

पहिली म्हणजे कागद. आपला मुलूख १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुन्या घरांतल्या रुमालात बांधलेल्या कागदांत मोडी लिपीतली खते, वाटणीपत्रे, पत्रे निघतात. कन्नड घरांत क्वचित 'कडत' निघते, म्हणजे काळ्या खळीच्या घडीच्या कापडावर बलपाने, शंखजिऱ्याच्या कांडीने, लिहिलेली वही. वाचता येत नाही म्हणून हे रद्दीत जाते. मोडी कागद मोडीत, असा हा प्रकार. रद्दीला चार पैसे मिळतात. जमिनीचा तंटा उभा राहिला की तोच कागद हजारोंनी शोधत फिरावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे भांड्यांवरची नावे. लग्नात दिलेल्या घागरीवर, परातीवर नाव घालायची आपली रीत. कोणाकडून, कोणाला, तारीख, गाव. आपल्या सीमाभागात एकाच मांडणीवर एक तांब्या देवनागरी नावाचा आणि शेजारचा कन्नड अक्षरांचा असतो. सासर-माहेर दोन भाषांत विभागलेल्या बाईची कुळकथा तेवढ्यात वाचता येते. सातबारावर जिचे नाव कधी लागले नाही, तिचे नाव घरात कदाचित त्या हंड्यावरच असते. तो हंडा तोलून दिला की तेही गेले.

इथे हक्काचाही प्रश्न येतो. लग्नात बाईला मिळालेली भांडी हे तिचे स्त्रीधन आहे, सासरच्या वाटणीतला माल नव्हे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांप्रमाणे हक्क कर्नाटकाने १९९४ पासून दिला आणि २००५ साली तो देशभर झाला. तरीही घर उतरवताना भाऊ माळ्याचा सौदा करतात आणि बहिणीला गणपतीला आल्यावर कळते. तिला पैशांतला वाटा नको असतो. तिला आईची खोबरे किसायची विळी हवी असते, तिचे मोडीच्या भावाने शंभर-दीडशे आले असतील. त्या विळीवरून वर्षानुवर्षे न बोलणारी घरे आपल्या भागात आहेत.

जुन्या सामानाची पारख करून कोणी ते साठवले तर काय होते, याची उदाहरणे लांब नाहीत. दिनकर केळकरांनी पुण्यात अडकित्ते, दिवे, दौती, भांडी अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र सरकारला दिला. आज ते राजा दिनकर केळकर संग्रहालय. मणिपालला विजयनाथ शेणॉय यांनी पाडायला निघालेली घरेच्या घरे सोडवून आणून पुन्हा उभी केली. गोव्यात बाणावलीचे 'गोवा चित्र' शेतीच्या अवजारांचे आणि घरगुती वस्तूंचे, आणि त्याची इमारतही जुन्या घरांच्या पाडकामातून मिळालेल्या सामानाची. तमिळनाडूत कारैकुडीला मात्र दुसरे टोक दिसते. चेट्टियारांचे वाडे उतरवले गेले आणि त्यांचे खांब-दरवाजे विकणाऱ्या दुकानांची एक अख्खी गल्लीच उभी राहिली. आपल्याकडे संग्रहालयही नाही आणि गल्लीही नाही. माल टेम्पोत बसतो आणि घाट उतरतो किंवा पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजाराची वाट धरतो.

माझे काही माजी विद्यार्थी या धंद्यात आहेत. नोकरी नाही, शेती पुरत नाही, टेम्पो कर्जाने घेतलेला. त्यांना मी धंदा सोडा असे सांगत नाही. उक्ता सौदा सोडा, असे सांगतो. धातू वेगळा तोलावा आणि त्या दिवसाचा दर घरच्यांना दाखवावा. लाकूड, तसबिरी, दिवे एकेक करून बोलावे. कागदांचे गाठोडे घरीच ठेवून यावे. नाव घातलेले भांडे निघाले तर ते नाव मोठ्याने वाचावे, कन्नड असो की मराठी, आणि घरात कोणी "थांब" म्हणाले तर थांबावे. पावतीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात. यात नफा कमी होतो हे खरे. पण त्यातला एकजण सांगतो की, अशा घरातून शेजारच्या घराचा निरोप आपणहून येतो, त्याला दारोदार फिरावे लागत नाही.

घरच्यांनी करायचे काम त्याहून सोपे आहे. पाडकामाचे ठरले की खरेदीदाराच्या आधी आपण माळ्यावर चढावे. एक वही, एक वजनकाटा आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो. बाहेरगावच्या भावा-बहिणींना फोटो पाठवून आठ दिवसांची मुदत द्यावी, कोणाला काय हवे ते लिहून घ्यावे, आणि उरलेले दोन-तीन खरेदीदारांना दाखवावे. एकाने सांगितलेला भाव आणि तिसऱ्याने सांगितलेला भाव यांतली तफावत पाहिली की माळ्यावर काय होते ते कळते. हे सगळे पाडव्याच्या आत उरकावे. त्यानंतर गवंडी थांबत नाही आणि वळवाचा पाऊस तर मुळीच थांबत नाही.